दोर चघळा, रोग कळवा!

डुकराचे रक्त तपासायचे म्हणजे मोठा आकांत. एकाने वरच्या जबड्याला फास अडकवून जनावर धरायचे, दुसऱ्याने मानेच्या शिरेत सुई घालायची. जनावर जिवाच्या भीतीने किंचाळणार आणि माणसे घामाघूम!

अमेरिकेतल्या आयोवात माणसांपेक्षा डुकरेच कितीतरी जास्त. तिथल्या राज्य विद्यापीठातील पशुवैद्यकांनी २००८ च्या सुमारास एक साधी युक्ती पुढे आणली. डुक्कर मुळातच चौकस, दिसेल ते चघळून पाहणारे. मग कळपाच्या कप्प्यात सुती दोर टांगून ठेवायचा! वीस-तीस मिनिटांत डुकरे तो चघळून ओलाचिंब करतात. दोर पिशवीत पिळून निघालेली लाळ प्रयोगशाळेत जाते. गाभण माद्यांचे गर्भ पाडणारा, पिलांचा श्वास कोंडणारा ‘पीआरआरएस’चा विषाणू तिच्यात ओळखता येतो.

अर्थात लाळ साऱ्यांची मिसळलेली. नेमके आजारी कोण, हे दोर सांगत नाही. त्यासाठी एकेकाला तपासावे लागतेच. पण साथ शिरल्याचे वेळीच कळले, तर उरलेला कळप वाचवायला हाती वेळ राहतो. आणि तेही मुक्या जिवाला न दुखवता, त्याच्याच खोडीचा उपयोग करून!