एका गायकाची दुसरी ओळख

गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचे वर्णन सांगायला नको. आणि ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांना ते सांगून खरे वाटणार नाही. गगनगड आठवडा-आठवडा धुक्यातून बाहेर येत नाही, करूळ घाटात कधी दरड येते, तर कधी कोल्हापूरची एस. टी. येत नाही. अशा दिवसांत घरातल्या पोरांनी करायचे काय? १९९४ च्या पावसाळ्यात मी नववीत होतो, आणि माझ्यापुरते या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूरला शिकणाऱ्या चुलतभावाने आणून दिले. ती होती ‘सो फार सो गुड’ नावाची एक कॅसेट. गायक होता कॅनडाचा ब्रायन ॲडम्स.

इंग्रजी निम्मे समजत नव्हते. पण तो खरखरीत, घसा फाटेल की काय असे वाटायला लावणारा आवाज, आणि मागे गिटारचा तो ठेका! वीज गेली की आम्ही सेल घालून टेप चालवीत असू. सेल उतरत आले की त्याचा आवाज हळूहळू म्हाताऱ्यासारखा होई. कॅसेटवरचा त्याचा फोटो मी भूगोलाच्या वहीत जपून ठेवला होता. पुढे त्याच्याविषयी जी माहिती मिळाली ती अशी : जन्म १९५९, ओंटारिओ प्रांतातील किंग्स्टनचा; १९८४ साली ‘रेकलेस’ हा संग्रह गाजला; आणि १९९१ साली ‘रॉबिन हूड’ चित्रपटातील त्याचे गाणे इंग्लंडमध्ये सलग १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. मग माझे कॉलेज आले, नोकरी आली. कॅसेटला बुरशी लागली. तरुणपणीची आवड म्हणून ब्रायन ॲडम्सही मनाच्या माळ्यावर जाऊन पडला.

काही वर्षांपूर्वी पुण्यात एका मित्राच्या घरी एक जाडजूड छायाचित्रसंग्रह हाती लागला. नाव ‘वुंडेड : द लेगसी ऑफ वॉर’, प्रकाशन २०१३. विषय होता इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत जखमी झालेले ब्रिटिश सैनिक. छायाचित्रकाराचे नाव वाचले आणि क्षणभर वाटले, हा कोणी नामसाधर्म्य असलेला दुसरा गृहस्थ असावा. पण तो आमचाच होता!

गायकाने कॅमेरा हाती घ्यावा यात आपल्या कोल्हापूरकरांना तरी नवल वाटू नये. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे आडनावच रंगांतून आले होते. त्यांनी इथेच कॅमेरा घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला. चंद्रकांत मांडरे यांना आमच्या आजोबांची पिढी चित्रपटाचा नायक म्हणून ओळखत होती. राजारामपुरीतील त्यांच्या नावाच्या कलासंग्रहालयात गेल्यावर तोच नायक निसर्गचित्रकार म्हणून समोर उभा राहतो. एका कलेतला माणूस दुसरीत का जातो, याचे सोपे उत्तर ‘हौस’ असे देता येते. पण हौस आणि गरज यांत फरक आहे. पहिल्या कलेत जे सांगता येत नाही, ते सांगायला दुसरी लागते.

ॲडम्सच्या बाबतीत हे कसे घडले, ते पाहण्याजोगे आहे. ‘समर ऑफ सिक्स्टी-नाइन’ हे त्याचे गाणे तरुणपणाच्या आठवणींचे म्हणून जगभर गाजले. पण १९६९ च्या उन्हाळ्यात हा माणूस अवघा नऊ वर्षांचा होता! म्हणजे गाण्यातले ते तारुण्य कल्पनेनेच रंगविलेले. गाण्याला ते चालते, नव्हे, शोभते. छायाचित्राला मात्र ते चालत नाही. ज्याचे चित्र घ्यायचे तो माणूस त्या क्षणी समोर असावाच लागतो, आणि त्याची संमतीही असावी लागते. गायक मंचावर उभा असतो तेव्हा हजारो डोळे त्याच्याकडे लागलेले असतात. कॅमेऱ्यामागे गेल्यावर पाहण्याचे काम त्याच्याकडे येते.

त्याचे पहिले पुस्तक १९९९ साली निघाले. कॅनडातील स्त्रियांच्या व्यक्तिचित्रांचे, स्तनाच्या कर्करोगाविरुद्धच्या कार्याला मदत म्हणून. २००२ साली त्याने राणी एलिझाबेथचे छायाचित्र घेतले, आणि ते पुढे कॅनडाच्या टपाल तिकिटावरही आले. बर्लिनहून निघणाऱ्या ‘झू’ या मासिकाच्या संस्थापकांतही तो होता. इथे एखादा चिकित्सक वाचक विचारील की, राजवाड्याचे दार त्याच्यासाठी उघडले ते छायाचित्रणामुळे, की नावामुळे? शंका रास्त आहे. नाव नसलेल्या होतकरू छायाचित्रकाराला राणी भेटली नसती, हे मान्य करावेच लागेल.

परंतु ‘वुंडेड’मध्ये नावाचा उपयोग संपतो. भाजलेला चेहरा किंवा तुटलेली मांडी दिव्याखाली दाखवायला कोणी गायकाच्या प्रसिद्धीवर भाळून तयार होत नाही. तिथे विश्वासच लागतो. ॲडम्सचे वडील सैन्यात अधिकारी होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे; गणवेश त्याने घरात पाहिला होता.

या चित्रांची रीत अगदी साधी आहे. मागे कोरी पार्श्वभूमी. रणगाडा नाही, वाळवंट नाही, झेंडा नाही. वृत्तपत्रातील युद्धचित्रात आपली नजर धुराकडे, पडक्या भिंतीकडे पळू शकते. इथे पळायला जागाच ठेवलेली नाही. माणूस आणि त्याचे शरीर, एवढेच. काहींच्या पायांच्या जागी धातूचे दांडे आहेत आणि ते झाकलेले नाहीत. बरेच जण सरळ भिंगात पाहतात. आपण त्यांच्याकडे पाहतो आहोत की ते आपल्याकडे, हे थोड्या वेळाने कळेनासे होते. पुढे २०१९ च्या ‘होमलेस’ या पुस्तकात लंडनच्या रस्त्यांवर ‘बिग इश्यू’ मासिक विकणाऱ्या लोकांची चित्रे त्याने याच रीतीने घेतली. राणी आणि रस्त्यावरचा विक्रेता या दोघांपुढेही त्याची उभे राहण्याची पद्धत फारशी बदललेली नाही.

मी ते पुस्तक मिटले, ते मात्र छायाचित्रणाचा विचार करीत नव्हे.

माझे थोरले मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. सीमेवर सुरुंग फुटून त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्यांना पाय बसवून मिळाला. हे केंद्र १९४४ पासून सैनिकांसाठी हेच काम करीत आले आहे. मामा शेतीत रमले. पण आमच्या घरातले फोटो काढून पाहा. लग्नात मामांपुढे मुले बसविलेली, बारशात पुढे टेबल, वास्तुशांतीत ते खुर्चीवर आणि मांडीवर शाल. भिंतीवर त्यांचा एकच पूर्ण फोटो, जखमेच्या आधीचा, गणवेशातला. मी स्वतः मोबाइलवर त्यांचे जे फोटो घेतले, ते सगळे कमरेच्या वर. हे कोणी ठरविले नव्हते. आम्ही याला माया समजत होतो.

त्या दिवाळीत मी धीर करून विचारले, ‘‘मामा, तुमचा एक उभा, पूर्ण फोटो काढू का?’’

मामांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिले. ‘‘काढ की. आजवर समद्यांनी माझा अर्धाच फोटू काढलाय. मला वाटलं, तुमास्नीच लाज वाटतीया.’’

मला काय बोलावे सुचले नाही. त्यांनीच उठून धोतर बदलले, अर्धी चड्डी घातली आणि अंगणात पांढऱ्या भिंतीपुढे जाऊन उभे राहिले. पायाचा पट्टा घट्ट केला आणि विचारले, ‘‘हात कुठं ठेवू?’’

‘‘तुम्हाला वाटेल तिथे,’’ मी म्हणालो.

त्यांनी ते पाठीमागे बांधले, परेडीत ‘विश्राम’च्या वेळी बांधतात तसे.

चित्र तांत्रिकदृष्ट्या सामान्यच आले. उजेड एका बाजूने जास्त पडला आहे, भिंतीवर ओल दिसते; आमच्याकडे ती कुठल्या भिंतीवर नसते? मामींनी ते पाहून डोळ्यांना पदर लावला, आणि मग फ्रेम करून आणायला सांगितले. आता ते गणवेशातल्या फोटोशेजारी लागले आहे. पाहुणे येतात, थबकतात, आणि मामांना पायाविषयी विचारतात. इतकी वर्षे कोणी विचारीत नव्हते. मामा सांगतात, आणि सांगताना बराच वेळ घेतात.

ती जुनी कॅसेट मी परवा शोधून काढली. ती वाजत नाही. फोटो मात्र भूगोलाच्या वहीत अजून आहे.