पाच रुपयांचे पाकीट आणि आपल्या मुलांचे ताट

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आठवतो. गेल्या काही वर्षांत त्याला गोदामांची जोड मिळाली. माणकोली, पूर्णा, काल्हेर, वळ या पट्ट्यातल्या गोदामांतून बिस्किटे, वेफर्स, नूडल्स आणि थंड पेये मुंबई महानगरात सगळीकडे जातात. हा माल उतरवणाऱ्या, मोजणाऱ्या आणि गाडीत भरणाऱ्यांमध्ये आपल्या वस्त्यांतले तरुणही आहेत. तोच माल संध्याकाळी पाच-दहा रुपयांच्या पाकिटातून त्यांच्या मुलांच्या हातात पडतो.

आम्ही नवरा-बायको वस्तीत काम करतो आणि पालकही आहोत. कारखान्यातून येणारा पाकीटबंद खाऊ आम्ही घरात आणणे बंद केले, तेव्हा काही कार्यकर्ते मित्र म्हणाले, "ही श्रीमंतांची फॅशन आहे, आपल्या लोकांपुढे याहून मोठे प्रश्न आहेत." आम्हाला तसे वाटत नाही. त्याची कारणे इथे मांडत आहोत.

प्रक्रिया म्हणजे नेमके काय?

दळण, वाळवण, आंबवण, गूळ करणे, मासे खारवणे या सगळ्या प्रक्रियाच आहेत. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्नाचे चार गट पाडले. ही 'नोव्हा' वर्गवारी आज जगभर वापरली जाते. तिचा चौथा गट अतिप्रक्रियायुक्त पदार्थांचा. मैदा, स्टार्च, साखर, पामतेल यांत रंग, कृत्रिम चव आणि घरच्या स्वयंपाकघरात कधीच न सापडणारे घटक मिसळून कारखान्यात जे तयार होते, ते या गटात येते.

ओळखायचे कसे? पाकिटाच्या मागची यादी वाचा. सर्वात जास्त वजनाचा घटक यादीत आधी लिहायचा असा नियम आहे. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर आणि पामतेल हेच पहिले तीन शब्द असतील, तर पुढच्या बाजूला दुधाचा पेला छापला आहे की गव्हाची लोंबी, याला फारसा अर्थ उरत नाही.

पोट भरल्याचे कळत नाही

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. भरपूर भात जेवून धापा टाकत तो बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितली. हळूहळू राजाचा आहार कमी झाला, शरीर हलके झाले.

मात्रा ओळखायची तर 'आता पुरे' हा शरीराचा इशारा ऐकू यावा लागतो. अतिप्रक्रियायुक्त पदार्थ नेमका तोच इशारा दाबतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे अन्न दिले गेले. समोर ठेवलेल्या जेवणात उष्मांक, साखर, मीठ आणि चरबी सारखीच होती, आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. तरीही पाकीटबंद आहारावर लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचे वजन वाढले. म्हणून मुलाला 'हावरट' म्हणण्यात अर्थ नाही. दोष त्या पदार्थाच्या घडणीत आहे.

हिशेब पैशाचा आणि रक्ताचा

पाच रुपयांच्या वेफर्सच्या पाकिटावरचे निव्वळ वजन बघा. १५ ग्रॅम धरले तरी किलोला ३३३ रुपये पडतात. शेंगदाणे किंवा चणे याच्या निम्म्याहून कमी दरात मिळतात, आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. पाकीट स्वस्त वाटते, कारण ते थोडे-थोडे विकले जाते. रोजंदारीवर जगणाऱ्याला नेमके तेच परवडते, हे कंपन्यांना आपल्यापेक्षा जास्त चांगले कळते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३६ टक्के मुले कमी वजनाची आहेत आणि जवळपास ६९ टक्के मुलांमध्ये रक्ताची कमतरता आहे. अशा मुलाची भूक ही मौल्यवान गोष्ट आहे. जेवणाआधी ती वेफर्सने मारली की डाळ, पालेभाजी, अंडे ताटात तसेच राहते.

दुसऱ्या टोकाला मधुमेह आहे. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. थंड पेयाच्या १०० मिलीमध्ये साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत पाच-सहा चमचे. बाबासाहेबांना मधुमेहाने शेवटच्या वर्षांत किती पोखरले, हे आपण जाणतो. लिहिणारे, लढणारे आयुष्य या आजाराने कमी होते.

पाकिटाची प्रतिष्ठा

आमच्या आजी-आजोबांच्या पिढीने शिळे, उष्टे, वरून टाकलेले अन्न खाल्ले. त्यानंतरच्या पिढीला सीलबंद पाकीट सन्मानाचे वाटले, यात नवल नाही. दुकानात पैसे टाकले की साहेबाच्या मुलाला मिळते तेच आपल्या मुलाला मिळते, कुणी जात विचारत नाही. ही भावना आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण सन्मान पाकिटातल्या मैद्याने मिळत नाही. तो शिक्षणाने, संघटनेने आणि धट्ट्याकट्ट्या शरीराने मिळतो.

इथे एक सावधगिरी हवी. 'घरचे खा' म्हणताना काहीजण हळूच 'सात्त्विक' आहाराचा प्रचार सुरू करतात. आमचे म्हणणे ते नाही. सुकट, बोंबील, वजडी, अंडी, अंबाडीची भाजी, ज्वारी-नाचणीची भाकरी हे आपले पौष्टिक अन्न आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात ही खाद्यसंस्कृती अभिमानाने नोंदवली आहे. आपल्या मुलांना तिची लाज वाटू लागली, तर ती जागा पाकीटच घेणार.

आईवर ओझे नको

बारा तासांची पाळी करून आलेल्या बाईला 'नूडल्स देऊ नकोस' असे सांगणे सोपे आहे. आमच्या घरात आधी कामाची वाटणी बदलली. चणे-वाटाणे रात्री भिजत घालणे बाबांकडे, अंडी उकडणे मोठ्या मुलीकडे. भाजलेले शेंगदाणे, चुरमुरे आणि केळी हाताशी ठेवली. नातेवाइकांकडे किंवा वाढदिवसाला मुलाने बिस्किट खाल्ले तर आम्ही डोळे वटारत नाही. रोजचे ताट बदलले, एवढे पुरे.

हा फक्त घरातला प्रश्न नाही

संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. तरीही जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारातील अंड्यांसाठीचा निधी बंद केला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ विकता येत नाहीत. आपल्या शाळेबाहेर काय चित्र आहे, ते तरुणांनी एकदा टेप घेऊन मोजावे आणि मुख्याध्यापकांना व महापालिकेला लेखी निवेदन द्यावे. दंडुका टपरीवाल्यावर चालू नये. तोही आपल्यातलाच आहे. त्याने चणे, चिक्की, उकडलेली अंडी ठेवावीत म्हणून गिऱ्हाईक आपण व्हावे.

विहारातील बालसंस्कार वर्गात बिस्किटाच्या पुड्याऐवजी राजगिरा लाडू किंवा केळे देता येईल. १४ एप्रिलच्या उन्हात थंड पेयाऐवजी ताक, कोकम सरबत वाटता येईल. याला वेगळी वर्गणी लागत नाही. पुढच्या मंडळ बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्या, एवढीच विनंती.

जयभीम.