गेमिंग पीसी जुना झालाय? आधी कोणता पार्ट बदलायचा?

कवठे येमाईहून पार्ट आणायला पुण्याला जायचं, तर अख्खा दिवस जातो. त्यात पार्ट चुकीचा निघाला, तर पैसेही अडकतात. म्हणून आधी पीसी नेमका कुठे अडतोय ते पाहा. ही तपासणी फुकटात होते.

कसं तपासायचं?
गेममधलं व्ही-सिंक आणि फ्रेम लिमिट बंद करा. गेम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ उघडा.

- जीपीयू सतत ९५ टक्क्यांच्या वर: ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय.
- जीपीयू ६०-७० टक्क्यांवर, तरी गेम अडखळतो: बहुधा प्रोसेसर कमी पडतोय. नव्या कार्डाने फारसा फरक पडणार नाही.
- रॅम जवळपास भरलेली: ८ जीबीची १६ करा. मात्र डीडीआर३ च्या बोर्डावर डीडीआर४ बसत नाही.
- लोडिंगला वेळ: हार्ड डिस्कऐवजी एसएसडी लावा. लोडिंग झटपट होईल, एफपीएस मात्र फारसे वाढणार नाहीत.

प्रोसेसर बदलायचा का?
बरेचदा त्यासोबत मदरबोर्ड आणि रॅमही बदलावी लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा त्याहून जुना असेल, तर त्या बोर्डावर खर्च टाळा. एसएसडी, ग्राफिक्स कार्ड असे पुढच्या पीसीतही चालणारे पार्ट घ्या.

विसरू नका
नव्या कार्डाला तुमचा पॉवर सप्लाय पुरेल का, ते आधी तपासा. घरी वीज वारंवार जात असेल, तर बजेटमध्ये यूपीएसही धरा.