पाच जिनसांचा पेला

बीदर जिल्ह्यातील चिंताकी हे माझे गाव. तेथे आमचे चहाचे लहानसे हॉटेल आहे. घरात दारूचे नाव कोणी काढत नाही. त्यामुळे शहरांतील बड्या हॉटेलांत आता व्हिस्कीत मसाल्याचा चहा मिसळून पेल्याला काही शे रुपये घेतात, असे सुट्टीत सांगताच अण्णा आधी रागावले. मग म्हणाले, "मग आपल्या चहाचे दहाच का रे?" वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न टाळता येईना.

'व्हिस्की सॉर' हे जुने कॉकटेल पाहा. त्यात मद्य, लिंबू व साखर असते. बर्फाचे पाणी चौथे आणि मसाल्याचा चहा पाचवा. 'पाच' म्हणा की 'ऐदु', मोजणी तीच! यात नवे फार थोडे आहे. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर १६७० नंतरच्या दशकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर होता. १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात तो सांगतो की, गोव्यातील नेरूळच्या मद्यापासून इंग्रज 'पंच' करतात आणि पाच जिनसांमुळे त्याला ते नाव पडले. म्हणजे आपला आकडा साहेबाच्या पेल्यातून जगभर फिरून परत आला.

यामागील शास्त्रही ओळखीचेच आहे. चहाचा तुरटपणा टॅनिनमुळे येतो. दुधातील केसीन ते टॅनिन धरून ठेवते, म्हणून दुधाचा चहा सौम्य लागतो. 'मिल्क पंच'मध्ये लिंबाने दूध फाडून गाळतात, तेथेही हेच घडते. लवंग-वेलचीचा वास त्यांच्या तेलात असतो आणि ते तेल पाण्यापेक्षा मद्यात सहज उतरते.

मग किमतीत एवढा फरक का? त्या पेल्यात जिनसांखेरीज जागेचे भाडे, परवाना, कर आणि नाव यांचेही पैसे असतात. नावाचे मोल आपल्याला उशिरा कळले. दार्जिलिंग चहाला २००४ साली आणि गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. 'पंच' मात्र तोवर सगळ्या जगाचा झाला होता.

हे सारे ऐकून अण्णांनी बोटे मोजली, "पाणी, दूध, साखर, पत्ती, आले. आपलेही पाचच की!" दुसऱ्या दिवशी माझ्याकडून त्यांनी मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत पाटी रंगवून घेतली, 'पाच जिनसांचा चहा'. दर मात्र दहाच ठेवला. म्हणाले, "गिऱ्हाईक आपलेच आहे."

हा हिशेब आमच्या पाठ्यपुस्तकात मला अजून सापडलेला नाही.