मत नाही, तरी मत हवं

आज बोलू या उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीबद्दल.

मराठीत 'मत' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक मत पेटीत पडतं, दुसरं डोक्यात तयार होतं. या निवडणुकीत पहिलं मत तुम्हा-आम्हाला नाही. ते फक्त संसदेच्या दोन्ही सभागृहांतल्या खासदारांना असतं, नामनियुक्त खासदारांसह. राष्ट्रपतींसाठी आमदारही मतदान करतात, इथे तेही नाहीत. मतदान गुप्त असतं आणि पक्षाला व्हिप काढता येत नाही. त्यामुळे मी बेंगळुरूची मतदार असले, तरी माझ्या खासदारांनी कोणाला पसंती दिली हे मला कधीच कळत नाही.

मग आपण उमेदवाराबद्दल मत बनवायचं तरी कशाला? माझं एका उमेदवाराबद्दलचं मत कसं बदलत गेलं ते सांगते, म्हणजे उत्तर सापडेल.

जुलै २०२२. एका बाजूला जगदीप धनखड, दुसऱ्या बाजूला विरोधी पक्षांच्या मार्गारेट अल्वा. अल्वा मूळच्या मंगळुरूच्या, शिक्षण बेंगळुरूत. त्यामुळे इथे नाव सगळ्यांच्या ओळखीचं. संसदेतलं संख्याबळ पाहता निकाल जवळपास ठरलेला होता. तेव्हा माझं मत एवढंच होतं: काँग्रेसच्या ज्येष्ठ नेत्या, लढत नावापुरती.

मग मी त्यांचं काम पाहिलं. १९७४ ते १९९८ अशी सलग चोवीस वर्षं त्या राज्यसभेत होत्या. राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री असताना १९८८ साली महिलांसाठीचा राष्ट्रीय आराखडा त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांसाठी ३० टक्के जागा राखून ठेवाव्यात, अशी शिफारस त्यात होती. कर्नाटकाने तर आपल्या कायद्याने २५ टक्के जागा त्याआधीच दिल्या होत्या. पुढे ७३वी घटनादुरुस्ती झाली आणि देशभर एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. आज महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हे प्रमाण निम्म्यावर गेलं आहे. गावातली सरपंचबाई खुर्चीवर बसते, त्यामागच्या अनेक हातांपैकी एक हात अल्वांचा आहे. माझं मत वर गेलं.

नंतर समोर आलं २००८. कर्नाटक विधानसभेची तिकिटं विकली गेली, असा आरोप त्यांनी आपल्याच पक्षावर जाहीरपणे केला. पक्षाने तो नाकारला आणि त्यांना सरचिटणीसपद सोडावं लागलं. हे धाडस म्हणायचं? पण त्यांच्या मुलाला त्या निवडणुकीत तिकीट नाकारलं गेलं होतं, हेही त्याच गोष्टीत येतं. शिवाय पुढच्याच वर्षी त्या उत्तराखंडच्या राज्यपाल झाल्या. माझं मत अडखळलं.

ते पुढे सरकलं एका प्रश्नामुळे: आपण ही निवड नेमकी कोणत्या कामासाठी करतो आहोत?

उपराष्ट्रपती हे राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असतात. कोणाला बोलू द्यायचं, कोणता प्रस्ताव घ्यायचा हे ते ठरवतात. पक्षांतर केलेल्या सदस्याचं सदस्यत्व राहणार की जाणार, तेही त्यांच्या हाती. २०१८ साली सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्याविरुद्धची नोटीस फेटाळली ती सभापती वेंकय्या नायडूंनी.

आणि कधी कधी यापेक्षाही मोठी वेळ येते. बी. डी. जत्ती यांचं उदाहरण घ्या. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात राजकारणाला सुरुवात, मग मुंबई राज्याच्या विधानसभेत, पुढे बेंगळुरूत म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री. ते उपराष्ट्रपती असताना, ११ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांचं निधन झालं आणि जत्ती कार्यवाहक राष्ट्रपती झाले. एप्रिलमध्ये जनता सरकारने नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला दिला. जत्ती सही करायला आधी थांबले, मग त्यांनी सही केली. शोभेचं म्हणून ज्या पदाकडे आपण बघत नाही, तिथे बसलेल्या माणसाच्या एका सहीसाठी देश ताटकळला होता.

या कामाच्या मापाने मी दोघांना मोजलं. धनखड वकील, कायद्याची जाण पक्की. पण बंगालचे राज्यपाल असताना ममता बॅनर्जींच्या सरकारशी त्यांचे सतत जाहीर खटके उडत. अल्वा पक्षात मुरलेल्या. पण संसद आतून ओळखणाऱ्या आणि वेळ आली तेव्हा पक्षश्रेष्ठींची नाराजी ओढवून घेणाऱ्या. मुलाच्या तिकिटाचा मुद्दा खरा धरला, तरी हा गुण उरतोच. सभापतीच्या खुर्चीसाठी मला तो वजनदार वाटला. त्यांच्या पक्षाबद्दलचं माझं मत तसूभरही हललं नाही. उमेदवाराबद्दलचं मात्र बदललं.

६ ऑगस्टला निकाल लागला: धनखड ५२८, अल्वा १८२, बाद मतं १५. ममतांच्या पक्षाने आपल्याला विचारलं नाही म्हणून मतदानात भाग न घेण्याचा निर्णय आधीच जाहीर केला होता. पुढे जुलै २०२५ मध्ये धनखडांनी प्रकृतीचं कारण देत राजीनामा दिला. सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांनी न्यायमूर्ती सुदर्शन रेड्डींना ४५२ विरुद्ध ३०० मतांनी हरवलं. बाद मतं पुन्हा १५. खासदारांनाही मतपत्रिका नीट भरता येत नसेल, तर लक्ष ठेवणारे लोक हवेतच.

तेव्हा पुढच्या वेळी उमेदवार जाहीर झाला, की तीन प्रश्न विचारा. सभागृहाचे नियम यांना माहीत आहेत का? विरोधकाला बोलू देतील का? ज्यांनी निवडून आणलं, त्यांनाच कधी 'नाही' म्हणाले आहेत का? उत्तरं शोधा आणि आपल्या खासदाराला पत्र लिहून कळवा. त्यांची मतपत्रिका गुप्त आहे, तुमचं पत्र गुप्त असायची गरज नाही.

भेटू पुढच्या भागात.