पांढरी बट, बहिरा कान, अडलेलं आतडं

म्हैसूरला मानसगंगोत्रीच्या परिसरात अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. ऐकू न येणारी लेकरं घेऊन आईबाप कुठून कुठून तिथे येतात. ‘बेरा’ नावाची श्रवणचाचणी होते, कानाला यंत्र लागतं, बोलण्याची शिकवणी सुरू होते. आता सांगा, कान तपासणाऱ्यानं बाळाच्या कपाळावरची बट का न्याहाळावी? बुबुळांचा रंग का पाहावा? आणि ‘जन्मल्यावर पहिली शी कधी केली होती?’ हे कशाला विचारावं?

या प्रश्नांची गाठ मुंबईत पडली. 1981 साली परळच्या बाई जेरबाई वाडिया रुग्णालयातल्या डॉ. के. एन. शहा आणि सहकाऱ्यांनी 5 कुटुंबांतल्या 12 बाळांची हकिगत प्रसिद्ध केली. केसांची पुढची बट पांढरी, भुवया-पापण्या पांढऱ्या, बुबुळं फिकी, आणि पोट फुगलेलं, कारण मोठ्या आतड्याचा लांबच लांब भाग हलतच नव्हता. पांढरी बट, फिके डोळे आणि बहिरेपण यांची सांगड वार्डेनबर्ग या डच नेत्रवैद्यानं 1951 मध्येच दाखवली होती. शहांच्या बाळांनी त्यात आतडं आणलं. आज जगभर हा आजार वार्डेनबर्ग-शहा सिंड्रोम म्हणून ओळखला जातो.

पण केसांचा आणि आतड्याचा संबंध काय?

त्यासाठी गर्भाच्या चौथ्या आठवड्यात जायला हवं. तेव्हा गर्भ जेमतेम काही मिलिमीटरचा. पाठीवर मेंदू आणि मज्जारज्जूची नळी मिटत असते आणि तिच्या कडेवरून काही पेशी चक्क सुटून प्रवासाला निघतात. काही त्वचेत, केसांच्या मुळांत, बुबुळांत जाऊन रंग बनवतात. काही गळ्याच्या बाजूनं आतड्यात शिरतात आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास पार शेवटच्या टोकाला पोचतात. वाटेत त्यांच्यापासून 10 कोटींहून जास्त चेतापेशींचं जाळं तयार होतं. आपण न सांगता आतडं अन्न पुढे ढकलतं ते याच जाळ्याच्या जोरावर. जिथे हे जाळं नाही तिथे आतडं आवळलेलंच राहतं आणि मागे सगळं तुंबतं. हाच हिर्शस्प्रुंगचा आजार. साधारण 5000 जन्मांमागे एका बाळाला तो होतो.

आणि काही प्रवासी आतल्या कानात जातात. रंग बनवणाऱ्या पेशी, जिथे कधी उजेडच पोचत नाही अशा जागी! तिथे त्या काय रंगवतात? काहीच नाही. कानातल्या द्रवात पोटॅशियम सोडून त्या सुमारे 80 मिलिव्होल्टचा विद्युतदाब टिकवून ठेवतात. त्या दाबावरच ऐकण्याचा सगळा कारभार चालतो. त्या पेशी पोचल्या नाहीत, तर आवाज कानात शिरतो, पण मेंदूकडे संदेश निघत नाही.

या प्रवाशांच्या अंगावर एक ग्राही असतो. 442 अमिनो आम्लांची एक साखळी पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार ओवलेली. तो घडवणाऱ्या जनुकाचं नाव ईडीएनआरबी, मुक्काम तेराव्या गुणसूत्रावर. आतड्याच्या भिंतीतून एंडोथेलिन-3 नावाचा छोटा रेणू येऊन त्याला चिकटला की पेशीला निरोप मिळतो. कोणता? मला सगळ्यात चकित करतो तो हा निरोप: ‘इतक्यात स्थिरावू नकोस, अजून वाढ.’ गावोगाव विजेचे खांब रोवत जाणारी टोळी पहिल्या दोन गावांतच वायरमन म्हणून नोकरीला लागली, तर शेवटच्या वाडीला वीज कोण नेणार? निरोप न मिळालेल्या पेशींचं नेमकं तेच होतं. त्या अकालीच प्रौढ चेतापेशी बनतात, संख्या तुटपुंजी राहते आणि आतड्याचं टोक रिकामं पडतं.

गंमत म्हणजे एंडोथेलिन कुळातल्या रेणूंचा माग आतड्यामुळे लागलाच नाही. 1988 मध्ये जपानमध्ये मासाशी यानागिसावा आणि सहकाऱ्यांना रक्तवाहिन्या जबरदस्त आवळणारं एंडोथेलिन सापडलं. सगळ्यांचं लक्ष रक्तदाबाकडे. पुढे त्यांच्याच गटानं उंदरांत हा ग्राही बंद केला. निघालं काय? पांढऱ्या ठिपक्यांचे, आतडं तुंबलेले उंदीर! त्याच सुमारास, 1994 मध्येच, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत शिकलेले अरविंद चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांना अमेरिकेतल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांत हाच जनुक बिघडलेला आढळला. 442 मधलं एकच, 276 वं अमिनो आम्ल बदललेलं. जनुकाच्या आईबापांकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्यांपैकी 74 टक्क्यांना आतड्याचा आजार होता, एक प्रत बिघडलेल्यांपैकी 21 टक्क्यांना. म्हणजे बिघाड अंगात असूनही काहीजण ठणठणीत! नुसता जनुक पाहून कुणाचं भविष्य सांगू नये ते यासाठीच.

घोड्यांतही हाच जनुक असतो. अमेरिकन पेंट जातीत त्याची एक प्रत बिघडली की अंगावर देखणे पांढरे पट्टे येतात. दोन्ही बिघडल्या की शिंगरू पांढरंशुभ्र जन्मतं आणि आतडं अडून काही दिवसांत दगावतं.

वार्डेनबर्ग-शहाच्या मुळाशी कधी ईडीएनआरबी असतो, कधी एंडोथेलिन-3 चा जनुक, कधी सॉक्स-10 नावाचा. ईडीएनआरबीच्या बाबतीत बऱ्याचदा आईबाप निरोगी असतात, दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत बाळात एकत्र येते. म्हैसूरकडे मामा-भाचीची, आपल्याकडे मामेबहिणीशी लग्नं होत आली आहेत. अशा घरांत ही शक्यता वाढते. पण यात आईचा दोष नाही आणि बापाचाही नाही.

चेतापेशी नसलेला भाग काढून आतडं पुन्हा जोडता येतं. ऐकण्यासाठी यंत्र आहे, कॉक्लियर इम्प्लांट आहे, पण त्याचा खरा फायदा लवकर सुरुवात केली तर. म्हणून घरात बाळ जन्मलं आणि 48 तासांत त्यानं पहिली काळी-हिरवी शी केली नाही, तर घुटी पाजत बसू नका, त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि कपाळावर पांढरी बट दिसली तर तिला शुभ-अशुभ म्हणून सोडून देऊ नका, त्याच महिन्यात बाळाचे कान तपासून घ्या.