मान्सूनच्या अंदाजामागची रेषा

हिमालयात बर्फ जास्त पडला की मान्सून कमजोर, हे नातं हवामानशास्त्रज्ञ हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडलं. १८७६-७८ च्या दुष्काळाचे घाव ताजे होते. १८८६ पासून या नात्यावर विसंबून अंदाज निघू लागले. १८९९ साली मात्र पावसाने भयंकर ओढ दिली आणि अंदाज पार चुकला.

१९०४ मध्ये भारताच्या हवामान खात्याची सूत्रं केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. जगभरच्या वेधशाळांमधले हवेच्या दाबाचे, तापमानाचे आणि पावसाचे आकडे मागवून त्यांनी कारकुनांकडून सहसंबंध गुणांक काढून घेतले. दोन राशी सरळ रेषेच्या किती जवळून बरोबर चालतात, ते हा उणे १ ते अधिक १ मधला आकडा सांगतो. जी नाती भक्कम दिसली, त्यांची समाश्रयण समीकरणं, म्हणजे एका राशीवरून दुसरीचा अंदाज देणारी समीकरणं, झाली. पण शेकडो जोड्या तपासल्या तर काही गुणांक निव्वळ योगायोगानेही मोठे येणारच, असं वॉकर यांनी १९१४ मध्येच बजावलं होतं. माझ्या मते हे त्यांचं सर्वांत मोलाचं काम. त्यांनी निवडलेली कितीतरी नाती पुढे ढिली पडलीच.

प्रशांत महासागराचं पाणी तापतं त्या एल निनोचं मान्सूनशी असलेलं नातं टिकलं, पण तेही अर्धवट. गुणांक साधारण उणे ०.६, त्याचा वर्ग ०.३६. म्हणजे पावसाच्या चढउतारांतला साधारण एकतृतीयांश हिस्सा ही रेषा समजावते. उरलेला हिस्सा १९९७ मध्ये दिसला: एल निनो प्रचंड, पाऊस मात्र सरासरीइतका.

१९८८ पासून शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचं हवामानाच्या सोळा घटकांचं समीकरण वापरात आलं. त्यात साध्या रेषेऐवजी घातांक होते. काम कष्टाचं आणि धाडसाचं होतं. पण १९८९ ते २००१ अशी सलग तेरा वर्षं देशभराचा पाऊस सरासरीच्या आसपासच राहिला. दुष्काळाच्या वर्षी समीकरण काय सांगेल, ही परीक्षा झालीच नव्हती. २००२ मध्ये ती झाली. अंदाज सरासरीच्या १०१ टक्क्यांचा, पाऊस ८१ टक्के. जुलैमध्ये पाऊस सरासरीच्या जेमतेम निम्मा पडला आणि पेरण्या वाया गेल्या.

२००३ मध्ये घटक नव्याने तपासले गेले. ज्यांचं नातं क्षीण झालं होतं ते वगळून आठ आणि दहा घटकांची नवी समीकरणं आली. २००७ मध्ये तीही बदलली.